बाजरीच्या पाटीतले घड्याळ

ता. श्रीगोंदा,
३० ऑक्टोबर २०२४

ती. सायमन मामांस,
मार्कचा कृ. सलाम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरे तुम्हाला आवडत नाहीत, म्हणून हे पत्र. शुद्धलेखन दोनदा तपासले आहे.

मागच्या आठवड्यात ग्लोरियाताईने तुमचे घड्याळ सुखरूप आणून दिले. इतकी देखणी वस्तू आमच्या घरात आजवर आली नव्हती. निळी तबकडी उन्हात पाण्यासारखी हलते. भोवतीचे कडे एकाच बाजूने फिरते आणि फिरताना बारीक वाजते. अंधारात काटे हिरवे उजळतात. आईने ते पांघरुणात नेऊन पाहिले आणि लहान मुलीसारखी हसली.

पण मामा, हे घालून मी दूध केंद्रावर कसा जाऊ? लोकांच्या दुधाचे फॅट मशीनवर मीच मोजतो आणि त्यावरच त्यांचा भाव ठरतो. सगळ्यांची नजर माझ्या हातावर असते. कडूबाई तर मशीनवर आकडा येईपर्यंत श्वास सोडत नाही, आणि आकडा कमी आला की माझ्याकडे बघते. ताईने घड्याळाची किंमत सांगितल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. फॅट मोजणाऱ्या हातावर हे चमकले तर लोकांना वाटेल, आमच्याच दुधातून आले. तोंडावर कोणी म्हणणार नाही, हे जास्त वाईट.

आणखी एक. घड्याळ बंद पडले आहे. मी त्याला काहीही केलेले नाही. रुमालात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, गोधडीच्या घडीत ठेवले होते. सेल संपला असेल तर कोणता आणू? माझ्या हातून बिघडले असेल तर तेही स्पष्ट कळवा.

आईचा सलाम. माझ्यावरची माया या पत्राने कमी होऊ देऊ नका.

तुमचा,
मार्क


कोपरगाव,
६ नोव्हेंबर २०२४

चि. मार्क यास,
अनेक उ. आ.

पत्र पावले. अक्षर छापल्यासारखे आहे. पण तू जे लिहिले नाहीस, तेच मला आधी कळले. त्या घड्याळात सेल नसतो. ते हाताच्या हालचालीवर चालते, आणि दोन दिवस हात मिळाला नाही की थांबते. म्हणजे तू ते घातलेच नाहीस. बिघडलेले नाही, नुसते निजले आहे.

तू त्याच्या चकाकीला भितोस. मी जिथे ते वापरले तिथे ती चकाकी पाहायला कोणी नव्हते. समुद्राच्या तळाशी तेलाचे पाइप जोडताना स्वतःचा हात दिसत नसे, ते हिरवे काटे तेवढे दिसत. ते कडेही शोभेचे नाही. खाली उतरल्याची वेळ त्यावर लावायची, म्हणजे वर कधी यायचे ते चुकत नाही. एकाच बाजूने अशासाठी फिरते, की धक्का लागून सरकले तरी माणूस लवकर वर यावा, उशिरा नाही. माझे कान गेले, पण मी वर आलो.

मग तुला का दिले? मी आता खुर्चीत बसून असतो. बापाला उठावे लागू नये म्हणून ग्लोरिया चहासुद्धा हातात आणून देते. उन्हाळ्यापासून ते माझ्या मनगटावरच थांबू लागले. ते मला बघवेना. तुझा हात पहाटेपासून दुधाच्या कॅनशी झटत असतो, म्हणून तू आठवलास.

हंगामाच्या सणाला एकदा घालून चर्चला जा. तरीही लाज वाटली, तर नाताळात मी येईन तेव्हा परत दे. रागावणार नाही. हे वाचून तू अधिकच घाबरशील, तेही ठाऊक आहे.

बहीण मरियाला आशीर्वाद. म्हाताऱ्याची आठवण ठेवत जा.

तुझा,
सायमन मामा


ता. श्रीगोंदा,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. सायमन मामांस,
मार्कचा कृ. सलाम. वि. वि.

तुमचे पत्र आईला वाचून दाखवले. खुर्चीचे वाक्य आले तेव्हा ती उठून चुलीकडे गेली. मी पेटीतून घड्याळ काढून हातात घातले. ते लगेच चालू झाले.

रविवारी सणाला ते घालूनच निघालो. बाही बोटांपर्यंत ओढली होती. चर्चच्या फाटकाशी कडूबाई उभी दिसली आणि माझा धीर सुटला. आईच्या डोक्यावर देवाला द्यायची बाजरीची पाटी होती. ती उतरवायला हात लावतो असे दाखवून मी घड्याळ काढून बाजरीत खुपसले. आत गेल्यावर हळूच काढून घेऊ, असा विचार होता. पण आईने पाटी थेट वेदीपुढे नेऊन भोपळे, कोंबड्या आणि उसाच्या मोळ्यांमध्ये ठेवली. आपला रिवाज तुम्हाला माहीत आहे. तिथे ठेवलेले परत मागायचे नाही. उपासनेनंतरच्या लिलावात बोली लावूनच न्यायचे.

लिलाव यंदाही यशयाकाकांनी केला. बाजरी दाखवायला त्यांनी ओंजळ भरली, तर ओंजळीत घड्याळ आले. मग काका म्हणाले की मरिया, यंदा तुझ्या बाजरीला लई भारी कणीस आलंय. लोक हसले. मला मान वर करवेना. आईने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तिला सगळे कळले. ती उभी राहून म्हणाली की हे माझ्या भावाचं हाय, हे घालून तो समुद्राच्या तळाला जायचा, कान तिथंच ठेवून आला, आन् त्यानं हे माझ्या मार्कला दिलंय. पर आता ते देवाचं झालं, तवा बोली बोला.

पहिली बोली काकांनीच जिंकली. त्यांनी घड्याळ घातले, मनगट कानाशी नेऊन डोळे मिटले, आणि ते पुन्हा लिलावाला ठेवले. मग तसेच सुरू झाले. बोली जिंकायची, घालायचे, थोडे मिरवायचे आणि देवाला परत द्यायचे. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी घातले. केशरबाईच्या मनगटावर ते राहीना, तर तिने वाकीसारखे दंडात चढवले. फार झगझगीत आहे असे सगळेच म्हणाले, पण घालून म्हणाले.

शेवटची बोली कडूबाईची. तिच्यापुढे कोणी गेले नाही. तिने ते घातले नाही. सरळ माझ्यापाशी आली, माझी बाही वर केली आणि माझ्याच हाताला लावले. उलटे बसले होते, ते मी नंतर नीट केले. म्हणाली की इकत मी घेतलंय, मी म्हनीन तिथंच ऱ्हाईल. केंद्रावर काढायचं न्हाई. मी म्हणालो की लोकांना माझा संशय येईल. तिने विचारले की संशय असता तर दूध दुसरीकडं घातलं नसतं व्हय. मग हळू आवाजात सांगितले की फॅट कमी आलं की तुझ्या तोंडाकडं बघती ती म्हशीच्या काळजीनं; तू चांगला शिकलेला, काहीतरी सांगशील म्हनून.

मामा, इतके दिवस मी तिला घाबरत होतो आणि ती मला विचारायला घाबरत होती. काल मी तिच्या म्हशीसाठी डॉक्टर बोलावले.

आज केंद्रावर तिने दूध ओतता ओतता विचारले की आपल्या घड्याळात किती वाजले. मी सगळ्यांदेखत हात वर करून सांगितले. हात दुधाने भिजलेला होता. त्याने काही बिघडत नाही ना, तेवढे कळवा.

नाताळाला नक्की या. लोभ होता तसाच राहू द्या.

तुमचा,
मार्क


कोपरगाव,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. मार्क यास,
अनेक उ. आ.

ते समुद्राला पुरून उरले आहे, दुधाने काय होणार?

तुझे पत्र ग्लोरियाकडे दिले होते, ते अजून परत मिळालेले नाही. सगळ्या गल्लीत फिरते आहे. कडूबाईला माझा सलाम सांग. म्हशीचे कसे आहे, ते लिही.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने येतो. मी आलो की घड्याळ काढून माझ्या हातात देऊ नकोस. तुझ्याच हातावर बघेन.

तुझा,
सायमन मामा