आधी पालक, मग मूल

१० नोव्हेंबर, सोमवार
आले बाई एकदाची नागपूरला! मानेवाड्यात खोली मिळाली, खाली घरमालकीण इंदूबाई. आल्या आल्या त्यांनी तर्री-पोहे खाऊ घातले आणि एकटीच काहून आली वं, नवरा कुठं आहे, सगळी चौकशी केली. सांगितलं, रोशन उमरेडला खाणीत आहे, शिफ्ट सोडून येता येत नाही. सहा वर्षांची मयुरा सध्या त्याच्याजवळ आणि सासूबाईंजवळ. मला इथल्या शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम लागलंय, आणि कर्मचाऱ्याच्या एका मुलाला तिथं प्रवेश मिळतो. म्हणजे नाताळानंतर माझी पोरगी माझ्याजवळ! तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

१२ नोव्हेंबर, बुधवार
काम सोपं, पण डोकं खाणारं. शाळेचं जुनं सॉफ्टवेअर बंद होतंय, सगळी माहिती नव्यात चढवायची. पालकांचं एक टेबल, मुलांचं दुसरं. आधी पालकाची एंट्री करायची, त्याला नंबर मिळतो. तो नंबर मुलाच्या एंट्रीत टाकला की मूल आपल्या आईबापाला जोडलं जातं. पालक नसलेलं मूल सिस्टीम घेतच नाही. हेडक्लार्क गणपतराव म्हणे, मशीनले बी समजते, आधी माय मंग लेकरू. तोंडातला तंबाखूचा खर्रा सांभाळत स्वतःच हसले, मीही हसले. संध्याकाळी पाठ मात्र भरून आली होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार
पहिलीचा वर्ग अडकला. सगळी मुलं चढवली की शेवटी एरर, आणि अख्खा वर्ग परत बाहेर. एक एंट्री चुकली की हे यंत्र बाकीच्यांनाही आत घेत नाही. दुपारपर्यंत शोधलं तेव्हा सापडली. श्वेता. नुसतं श्वेता. आडनाव नाही, जन्मतारीख नाही, पालक नाही. काढून टाकते म्हटलं तर गणपतराव घाबरले. मुलांची संख्या वर कळवून झाली आहे, एक कमी दिसली तर उत्तर कोण देईल? म्हणे, म्याडम, कोणाचं बी नाव टाका, तुमचंच टाका, मंग पाहू. जीव नुसता वैतागला होता. टाकलं. पालक म्हणून माझं नाव, माझा मोबाइल, माझा पत्ता. वर्ग एका झटक्यात आत गेला. सुटले बाप्पा!

१९ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी शाळेच्या व्हॅनवाल्याचा, सुशीलचा फोन. म्हणे, ताई, तुमच्या पोरीले घरी सोडलं. मी म्हटलं, राँग नंबर. तो म्हणे, शाळेनं हाच देला.
संध्याकाळी घरी आले तर इंदूबाई रागावलेल्या. पोरगी आणली तर सांगितलं काहून नाही? मघापर्यंत पायरीवरच बसून होती, पाणी पाजलं, तोंडानं अगदी तुह्यासारखी आहे वं. आता कुठं गेली विचारलं, तर म्हणाल्या, वर गेली, तुह्याच खोलीत.
खोलीला कुलूप होतं. मी लावलं तसंच. उघडलं, आत कोणी नाही. फक्त माझ्या घरातल्या चपलांशेजारी लहान मुलीचे शाळेचे बूट, नीट जोडून ठेवलेले.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी गेल्या गेल्या श्वेताची एंट्री डिलीट करायला घेतली. होत नाही. तिला हजेरी जोडलेली आहे, आधी ती काढा म्हणतं. हजेरी? मधल्या सुट्टीनंतर पहिलीच्या गोपिका मॅडमना गाठलं. म्हणाल्या, येते की रोज, दुसऱ्या बाकावर, एक शब्द बोलत नाही. आज डब्यात कारल्याची भाजी होती, तरी बिचारीनं गुपचूप खाल्ली.
कारल्याची भाजी माझ्या डब्यात होती. सकाळी मीच केलेली.
कालपर्यंतची हजेरी पुसली, तोवर आजची लागली. घरी आले तर ती आत बसलेली. दोन वेण्या, हात मांडीवर. माझ्याकडे पाहिलं आणि जरा सरकून मला जागा दिली.

२४ नोव्हेंबर, सोमवार
आता ती रोज असते. काल रविवार, दिवसभर होती. आडनाव विचारलं, गप्प. वाढदिवस विचारला, गप्प. जे रकाने रिकामे, ते तिला येतच नाहीत. घाबरायलाही अंगात ताकद लागते, माझ्यात ती उरलेली नाही. भात टाकला, दोघींनाही वाढला.
आज मयुराची एंट्री करायला गेले. सिस्टीम म्हणते, या कर्मचाऱ्याचं एक मूल आधीच आहे. मयुराला जागा नाही. म्हणजे श्वेता असेतो माझी लेक माझ्याजवळ येऊ शकत नाही! रडूच आलं.
मग सुचलं. ती ओळ निघत नाही ना, मग तीच बदलायची. नाव खोडून मयुरा केलं. आडनाव, जन्मतारीख, रक्तगट, सगळं माझ्या लेकीचं भरलं. सेव्ह झालं. चला, श्वेता गेली एकदाची. किती दिवसांनी बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
ती दारातच उभी होती. आई म्हणाली मला. मग न विचारता वाढदिवस सांगितला. बरोबर सांगितला. आवाज मयुराचा.
रोशनला फोन लावला, मयुराला दे म्हटलं. म्हणे, मजाक करून राहिली का, तूच तर घेऊन गेली तिले. सासूबाईही तेच म्हणाल्या. पोट्टी नाही तर घर खायले उठते म्हणे. मी ओरडले, नाही आणलं मी तिला, तिथंच ठेवून आले — मला गप्प करत राहिले दोघं.

२६ नोव्हेंबर
सकाळीच ओळ पूर्ववत केली. नाव श्वेता, बाकी सगळं कोरं. मग फोन. मयुरा आहे ना रे तिथं?
रोशन म्हणे, कोण मयुरा?
पुन्हा तिचं नाव टाकलं. नाव तरी राहू दे तिचं. कुठंतरी —

२८ नोव्हेंबर
उमरेडला जाऊन आले. फ्रॉक नाहीत. दप्तर नाही. सासूबाई म्हणाल्या, सगळं तर तूच नेलं वं. नेलं का मी?
परत आले तर फ्रॉक इथं. तिच्या अंगावर —

३० नोव्हेंबर
विसरायच्या आत लिहून ठेवते. माझी मयुरा. भातावर दूध घेऊन — नाही, ते तर ही घेते. हसताना नाक मुरडते. ती की ही? पडली होती, खोक पडली होती कपाळावर. डावीकडे. की उजवी — हिच्या कपाळावर काहीच नाही. त्याचा रकाना नव्हता तिथं —
शेजारी येऊन बसली आहे. काय लिहून राहिली म्हणे. थकली का आई म्हणे. डोकं दाबून देऊ का.
नको म्हणायचं होतं.
किती हलका हात आहे हिचा. मयुरा पण अशीच — अशीच दाबायची ना? दुसरी कोण होती मग? हीच तर. माझी पोर. माझी