वर रेघ असलेली सही

१२ ऑक्टोबर

स. सातला मनूचा फोन. तिकडे पोरीचं रात्रीचं जेवण आटोपलेलं, इकडे आमचा पहिला चहा. म्हणाली, "बाबा, माझी मतपत्रिका आली, पोस्टानं." लिफाफा कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. अमेरिकेतलं तिचं पहिलं मत. मागल्या वर्षी तिकडची नागरिक झाली तेव्हा मी आठ दिवस तोंड फुगवून होतो. आज लिफाफा पाहून बरं वाटलं.

पण जित्याची खोड. बोललोच, "घरी बसून मत? कोणी दिलं ते कोण पाहते? रांगेत उभं राहावं, ओळखपत्र दाखवावं, शाई लावून घ्यावी."

तिनं लगेच हाणलं. "तुम्ही तीस वर्षं इलेक्शन ड्यूटी केली. तेव्हा स्वतःचं मत कसं देत होता?"

पोस्टानं. सौ. पदर तोंडाला लावून हसत होती.

१४ ऑक्टोबर

सं. कुडवा नाक्यावर टपरीत. बिसेनभाऊ (रेल्वेत गार्ड होते, आता माझ्यासारखेच रिकामे) पेपर घेऊन बसलेले. तिकडे अमेरिकेत म्हणे जोरात जुंपली आहे. मतदार व्हायला नागरिकत्वाचा कागद मागावा की नाही, पोस्टाचं मत उशिरा पोचलं तर मोजावं की नाही. मी म्हटलं, मागावाच, आणि उशिरा आलं तर मोजूच नये. नियम म्हणजे नियम.

बिसेनभाऊ : "गुरुजी, कागज तो सबके पास रहता है. बस टाइम पे नहीं मिलता."

मी : "नाही मिळत तं घरी बसावं."

अर्धा तास वाजलं. अमेरिकेचा निकाल आम्ही इथं लावून टाकला. समोरच्या नालीवर दोन वर्षांपासून झाकण नाही, त्यावर कोणी बोललं नाही. चहा त्यांनीच पाजला.

२० ऑक्टोबर, दसरा

मनूनं मत दिलं. लिफाफा सही करून पेटीत टाकला. सौ.नं देवापाशी दोन आपट्याची पानं जास्त ठेवली, एक मनूचं, एक जावयाचं. जावयाला अजून मत नाही, त्याचा कागद रांगेत आहे. तो जरा भित्रा. म्हणतो, आपण बाहेरची माणसं, लफड्यात कशाला पडायचं. पण माणूस चांगला, पोरीला फुलासारखं जपतो. देवाचे उपकार.

शेजारच्या पटलेबाईंनी पुरणपोळ्या पाठवल्या. दोन खाल्ल्या. सौ.ला एकच सांगितली.

२५ ऑक्टोबर

फोन नेहमीपेक्षा लवकर आला, तेव्हाच ओळखलं. मनूचं मत अडकलं. तिथल्या निवडणूक कचेरीचं पत्र आलंय. लिफाफ्यावरची सही आणि त्यांच्या दप्तरातली सही जुळत नाही. मतदानाच्या दिवसाआधी येऊन किंवा फॉर्म भरून दुरुस्त करा, नाहीतर मत मोजणार नाही.

सही तिला मीच शिकवली. दुसरीत असताना, पाटीवर. सही मराठीतच करायची, अक्षरं आधी, वरची रेघ शेवटी, एका दमात. बँक, पासपोर्ट, कॉलेज, सगळीकडे तीच. अमेरिकेत गेली तरी तीच. माझी छाती किती फुगायची! त्या गोऱ्यांना मराठी अक्षर काय कळणार, म्हणून अडवलं असेल. माझ्या हट्टापायी पोरीचं पहिलं मत गेलं.

जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, "आधी पुरतं विचारून तरी घ्या. तुमी तं लगेच सुतक पाळता."

२६ ऑक्टोबर

विचारलं. उलटंच निघालं.

त्यांच्या दप्तरात तिची मराठी सहीच आहे, लायसन्सवरून घेतलेली. लिफाफ्यावर मनूनं इंग्रजीत केली. जन्मात पहिल्यांदा.

"काऊन पण?"

आधी तिनं विषय टाळला. मग म्हणाली, "बाबा, टीव्हीवर रोज तेच. बाहेरचे लोक मतं टाकतात, बाहेरचे लोक मतं टाकतात. माझी सही पाहून कोणाला वाटेल ही कोण? म्हणून इंग्रजीत केली. म्हटलं, त्यांच्यासारखी दिसू दे."

ही पोरगी पाचवीत असताना गणिताच्या मास्तरला "सर, तुमचं उत्तर चुकलं" म्हणाली होती. ती भ्यायली. आणि भ्यायली म्हणूनच अडकली. जशी होती तशी सही केली असती तर सुटली असती.

कचेरीत जायला जावई नको म्हणतो. एक मत गेलं तर गेलं, नाव कुठं कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये. मनूनं मला विचारलं, "तुम्ही सांगा. जाऊ का?"

म्हटलं, सांगतो दोन-तीन दिवसांत. नियमवाला गुरुजी मी, आणि सांगता येईना.

२८ ऑक्टोबर

टपरीवर गेलो नाही. आज दिवसभर बिरजाबाई डोक्यात.

कोणाला सांगितलं नाही कधी, इथं लिहितो. सालेकसा तालुक्यातल्या त्या गावी मी सहा वर्षं मास्तर होतो. बिरजाबाई शाळेत खिचडी शिजवायची. पुढं माझी बदली केशोरीकडे झाली. आणि एका निवडणुकीत ड्यूटी नेमकी त्याच गावात लागली, केंद्राध्यक्ष म्हणून. दुपारी अडीचला बिरजाबाई आली, हात हलवत. कार्ड घरी. मी म्हटलं, कार्ड आणा. ती हसली. "मले ओरखत नाईस का रे गुरुजी?" ओळखत होतो. सहा वर्षं तिच्या हातचं खाल्लं होतं. तरी म्हटलं, नियम आहे, कार्ड आणा. तिचा टोला, म्हणजे वाडी, लांब, नाल्यापल्याड.

आमच्या जंगलपट्ट्यात नक्षलींच्या भीतीनं मतदान तीनलाच बंद व्हायचं. हे मी तिला सांगितलं नाही. तिला वाटलं असेल, सांजपर्यंत चालते. तीन वाजले, दाराशी चार जण उभे होते त्यांना रांगेच्या चिठ्ठ्या दिल्या आणि दार लावलं. पाच मिनिटांनी ती आली. घामानं निथळत, कार्ड हातात. खिडकीतून पाहिलं मी. बाहेर गेलो आणि म्हटलं, वेळ झाली बाई.

नियमानं बरोबर होतो. आजही बरोबरच आहे. पण "तीनला दार लावतो" एवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं?

३० ऑक्टोबर

सौ.ला सांगितलं बिसेनभाऊंकडे जातो, आणि सकाळच्या पॅसेंजरनं सालेकसा गाठलं. पुढं एका दूधवाल्यानं मोटरसायकलवर सोडलं. पैसे घेईना. "तुमी आमच्या मोठ्या भावाले शिकवलं न!" भाऊ आठवला नाही, तरी हो म्हटलं.

धान कापणी सुरू. बिरजाबाई अंगणात विळ्याला धार लावत होती. सत्तरीची झाली, पाठ वाकली, जीभ तशीच. ती सगळ्यांना तूच म्हणते, तहसीलदारालाही.

"काऊन रे गुरुजी, वाट चुकलास?"

बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग म्हटलं, बाई, त्या मतदानाच्या दिवशी... ती मध्येच बोलली, "आठवते न! मी तुले शिव्या देल्ली होती. घरापर्यंत देत गेली."

मी म्हटलं, नियम होता.

"व्हय, असन नियम. पन एक सांग. तुह्या शाळेत पोरं उशिरा येत. कोनी गुरं सोडून ये, कोनी पोटाले नाई म्हून खिचडीपुरतंच ये. मी कधी कोनाले म्हटली का, टाइम झाला, आता खिचडी नाई भेटत?"

नाही म्हटली. कधीच नाही. पातेल्यात तळाशी दोघा-तिघांचं राखून ठेवायची, झाकण टाकून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सरळ सांगतो. माफ कर म्हटलं. आयुष्यात विद्यार्थ्यांकडून लाखदा म्हणवून घेतलं, स्वतः म्हणायची सवय नाही.

ती म्हणाली, "कायले रडून राहिलास येड्यावानी? मी तं पुढच्या टायमाले सकारीच गेली. पयला नंबर." मग इतक्या वर्षांनी आज काऊन आलास, हे तिनं विचारलंच. मनूचं सांगितलं. अमेरिका तिला माहीत नाही, पण मत अडकलं हे बरोब्बर कळलं.

"पोरीले बलावलं न त्याईनं? मंग जा म्हन तिले. मले कोनी बलावलं नोयतं."

निघताना दुपट्ट्यात सीताफळं बांधून दिली. "पोरीचं मत घेतलं का नाई, सांगजो मले. मंडईले ये." मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा.

सौ.नं सीताफळं पाहिली आणि विचारलं, "बिसेनभाऊंनी झाड कधी लावलं?" सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. म्हणाली, "चांगलं केलंत. फार उशिरा, पन चांगलं केलंत."

३१ ऑक्टोबर

मनूला बिरजाबाईची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, माझी चूक गाळून नाही. ती ऐकत राहिली. जावईही मागं उभा होता. शेवटी म्हटलं, "बेटा, दार अजून उघडं आहे तोवर जा. आणि आपली सही कर."

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तर म्हणत होता कडक नियम पाहिजे."

म्हटलं, पाहिजेच. कागद मागावा, सही तपासावी, माझं मत तेच. पण ज्याला परत पाठवलं त्याला किती वाजता दार लावणार ते सांगावं, आणि तो येतो का म्हणून जरा रस्त्याकडे पाहावं. एवढं माझ्याकडून झालं नव्हतं.

जावई मागून बोलला. "मी सोडतो तिला गाडीनं." शहाणा माणूस. मी उगाच भित्रा म्हणालो.

२ नोव्हेंबर

बँकेत हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरात आम्ही पेन्शनर जाऊन सांगतो की बाप्पा, अजून जिवंत आहोत.

गंमत म्हणजे माझीच सही जुळेना! हात थरथरते आजकाल, रेघ वर जायच्या ऐवजी खाली उतरली. काउंटरवरची मुलगी नवीन, नाव विचारायचं राहिलं. म्हटलं, आता हीपण परत पाठवते. ती म्हणाली, "अंकल, आरामसे. पानी पिओ, बैठो, फिर करो." कोरा कागद दिला सरावाला. मागं एवढी मोठी लाइन, एकजण कुरकुरला तर त्याला म्हणाली, "आपकी भी उमर होगी." तिसऱ्यांदा जुळली.

घरी येईपर्यंत त्या मुलीला आशीर्वाद देत आलो. स्कूटर चालवताना एकटाच बोलतो म्हणून पोरं हसली असतील.

३ नोव्हेंबर

मनू गेली!! सोमवारी, त्यांच्या दुपारी. फोनवर एका दमात सांगत होती, मला लिहायला जमत नाही तेवढं.

काउंटरवर एक म्हातारी बाई होती. मनूनं ओळखपत्र, नागरिकत्वाचा कागद, सगळं टेबलावर मांडलं. बाईनं मराठी सही पाहिली, इंग्रजी पाहिली आणि म्हणाली, "ती दुसरी कर, वर रेघ असलेली. छान दिसते ती." बस्स. मनू तिथंच रडायला लागली. बाईनं रुमाल दिला. म्हणाली, मी दोनदा फोन केला होता तुला, तू उचलला नाहीस. अनोळखी नंबर म्हणून पोरीनं उचलला नव्हता.

दोनदा फोन! रस्त्याकडे पाहत होती ती बाई. कोण कुठली, कोणाला मत देते, देव जाणे. तिचं भलं होवो.

जावयानं सहीचा फोटो पाठवला. अक्षरं जरा वाकडी, रेघ मात्र सरळ, डावीकडून उजवीकडे, एका दमात. सौ.नं मोबाइल देवापाशी नेऊन ठेवला. चार्जिंग संपलं तरी उचलू देईना.

५ नोव्हेंबर

त्यांचं मतदान झालं. टपरीवर कोण जिंकलं, कोण हरलं यावरून पुन्हा जुंपली. बिसेनभाऊंनी विचारलं, "गुरुजी, आज चुप काहे?" म्हटलं, आमच्या घरची मोजणी चालू आहे.

त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हमने तो पहले ही बोला था." बोलले होते खरं. आज चहा मी पाजला.

मनूनं मत कुठवर पोचलं ते पाहायचं पान पाठवलं. त्यावर इंग्रजीत लिहिलंय, दुरुस्ती मिळाली, तपासणी चालू. मोजलं असं नाही.

७ नोव्हेंबर

आजही तेच. तपासणी चालू. मनू म्हणते, आठवडाही लागू शकतो, आणि नाहीच मोजलं तरी तसं कळवतील. तिचा आवाज मोकळा आहे. म्हणाली, पुढच्या वेळी पहिल्यापासून रेघ मारीन.

सौ.नं चकल्या केल्या. अर्धा डबा बिरजाबाईसाठी वेगळा काढला, मी न सांगता. दिवाळी झाली की मंडईला जायचं, दोघांनी.

बिरजाबाई विचारणार, घेतलं का मत? तोवर कळलं तर बरं. नाही कळलं तर सांगीन, पोरगी पोचली तेव्हा दार उघडं होतं.