बाळूच्या नावाचं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

आज टँकर आला. सगळी वस्ती मला दुवा देतेय आणि मला तोंड लपवावंसं वाटतंय.

परवा मंत्री साहेब केजजवळच्या चारा छावणीवर आले, तेव्हा मी घुसलेच गर्दीत. साखर कारखान्याच्या गेटवरच्या मोर्चात धरलेला माझा भाऊ बाळू अजून जेलमध्येच आहे. गेल्या भेटीत जाळीपलीकडं उजवा हात बाहीत ओढून बसला होता. बाही सरकली तेव्हा दिसलं, बोटं सुजून काळी पडलेली. म्हणाला, "लई मारतेत, ताई. पानी मागितलं तरी देत न्हाईत."

तेच तर सांगत होते मी. "साहेब, हात मोडलाय त्याचा, पानी बी देत न्हाईत..." साहेबांनी फक्त पाणी ऐकलं. मागच्या माणसाला म्हणाले, "यांच्या गावाला टँकर लावा." आणि निघालेच. मी काहून गप्प बसले? ओरडायला हवं होतं, साहेब, हात! हाताचं राहिलं!

पण शेजारच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या तोंडावर कसं म्हणू, पाणी नको?

आयनं आज दोन्ही हंडे भरून आणले. विचारलं, "हाताचं सांगितलंस न्हवं?" मी हो म्हटलं. खोटं नाही. सांगितलं होतंच.

मग तांब्या बुडवायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"सांडू नको गं. बाळूच्या नावाचं पानी हाय."