जितेशला काहीही न ठेवण्याबाबत

मी, रामनाथ कमळाकर म्हात्रे, वय चौपन्न, धंदा गाड्यांना पॉलिश करण्याचा, मूळ गाव नवघर, हल्ली मुक्काम पूनम सागर, मीरा रोड, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरं माणूसच नाही. याआधी मृत्युपत्र केलं नव्हतं, कारण मरेन असं वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात अँजिओग्राफीला गेलो तेव्हा सिस्टरने विचारलं, "काका, सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "गाडी आहे ना, खाली पार्किंगला." ती हसली नाही. म्हणून हा कागद.

१. राहता फ्लॅट पुतण्या प्रणय यास मिळावा. तो माझे थोरले बंधू बबन यांचा मुलगा. बबनदादाने नवघरचं घर बिल्डरला देताना माझी सही न चुकता घेतली, नव्या इमारतीच्या पूजेचं बोलावणं मात्र द्यायला विसरला. विचारलं तर म्हणाला, "तुजं मांगं हाय कोन रं? एकट्या मानसाला काय बोलवाचा?" त्याला मी माफ केलेलं नाही. प्रणयला फ्लॅट देतोय तो एवढ्याचसाठी, की बापाला लेकाकडे राहायला यावं लागलं तर लिफ्टमध्ये रोज कोणीतरी विचारावं, "रामनाथ म्हात्रेंचा ना हा फ्लॅट? भला माणूस होता."

२. बँकेत जे असेल त्यातून माझं क्रियाकर्म करावं, उरेल ते प्रणयचं. दहाव्याचं जेवण ठेवू नये. येतील ती बहुतेक गिऱ्हाईकं असतील आणि मला त्यांची नावं ठाऊक नाहीत. मोबाइलमध्ये ती 'काळी सेडान वसई', 'लाल गाडी, डावा दरवाजा दबलेला' अशी आहेत. त्यांच्याकडे मी 'पॉलिशवाला' म्हणून असेन. फिटंफाट.

३. काशीगावचा गाळा भाड्याचा आहे. तो मालकाला परत द्यावा. 'फक्त फोम' हा बोर्ड उतरवून ठेवावा. बोर्डावर असं का लिहिलंय, हे सांगायचं तर जितेश शहाचं नाव घ्यावं लागतं.

जितेश आणि मी एकत्र धंदा केला. गाडीच्या रंगावरचे ओरखडे काढायला मशीनला पॅड लावतात. मायक्रोफायबरचा पॅड ओरखडे झपाट्याने घासून काढतो, पण काळ्या रंगावर मागे धुरकटपणा ठेवतो, आरशावर श्वास सोडावा तसा. फोमचा पॅड तो धूर घालवून तकाकी आणतो, पण खोल ओरखड्यापुढे हात टेकतो. म्हणून शहाणा माणूस आधी तो लावतो, मग हा. आमच्यात मायक्रोफायबर जितेशचं, फोम माझा. तो घासायचा, मी चमकवायचो. आणि गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार ते ती चमकल्यावर.

एकदा एक साहेब आपली काळी गाडी बघून मला म्हणाले, "वा म्हात्रे, काय हात आहे तुमचा!" जितेश शेजारीच उभा, भुवयांवर पांढरी पावडर. तो म्हणाला, "और मैं, साहेब? मैं क्या इधर चाय देता हूँ?" साहेब म्हणाले, "हो, एक कटिंग चालेल."

मी हसलो. विनोद चांगला होता, हे मी आजही लिहून द्यायला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी जितेश म्हणाला, "आजपासून लास्टपर्यंत मायक्रोफायबर. तुझा फोम उशीत भर."

"गाडी उन्हात काढ, धूर दिसेल."

"दिसू दे. मेहनत कोणाला दिसते, तर धूर दिसेल!"

तो हायवेच्या पलीकडे गेला आणि 'फक्त मायक्रोफायबर' असा बोर्ड लावून बसला. मग मी माझा रंगवला. तेव्हापासून त्याच्याकडून गाड्या धुरकट निघतात आणि माझ्याकडून ओरखडे घेऊन. जाणती गिऱ्हाईकं सकाळी त्याच्याकडे घासून घेतात आणि दुपारी माझ्याकडे आणतात. अशी गाडी आली की बॉनेटवरून मला कळतं, तो सकाळी कसा होता. चिडलेला असला की कडांवर जोर पडलेला असतो. मी गिऱ्हाइकाला काही बोलत नाही, माझा हात फिरवतो. दिवाळीपासून छतावरचं काम मधोमध कच्चं राहायला लागलंय. त्याचा खांदा गेला असावा. विचारणार कोणाला?

४. ~~माझी दोन्ही मशीनं आणि सगळे फोम पॅड जितेश शहा यास द्यावेत, म्हणजे शेवटचा हात त्याला स्वतः मारता येईल.~~ (हे कलम रद्द. खोडल्या जागी माझी सही आहे.)

५. खाडाखोडीचा खुलासा. वकील भूमिका ठाकूर म्हणाल्या, "काका, दोन साक्षीदार लागतील. तुम्हाला ओळखणारे." एक मिळाला, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रोहित, ते मला पार्किंगच्या भांडणांवरून ओळखतात. दुसऱ्यासाठी अख्खा मोबाइल खालीवर केला. नुसत्या गाड्या. शेवटी जितेशचं नाव सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "त्यांना मशीन ठेवलंय ना तुम्ही? मग त्यांची साक्ष नको, उद्या पुतण्या वाद घालेल. वस्तू तरी द्या, नाहीतर सही तरी घ्या."

वस्तू मिळेल तेव्हा मी नसणार. सहीला मात्र माणसाला समोर येऊन बसावं लागतं.

म्हणून मशीनं आणि पॅड प्रणयलाच. तो ती माझ्या दहाव्याच्या आत ऑनलाइन विकायला टाकेल. टाकू दे.

जितेशचा नंबर माझ्याकडे नव्हता. गाळ्याच्या दारात उभा राहिलो आणि समोरच्या त्याच्या बोर्डावरून वाचून लावला. फोन उचलताना तो मला दिसला.

"बोला साहेब, पॉलिश करायचंय?"

"रामनाथ बोलतोय."

मधून एक ट्रेलर गेला.

"बोल," तो म्हणाला.

"मृत्युपत्र केलंय. साक्षीला येशील?"

"मला काय ठेवलंस?"

"काही नाही. ठेवलं तर तुला येता येत नाही."

"मग नको ठेवू," तो म्हणाला. "कधी येऊ?"

हा मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि खाली नावं असलेल्या दोघांच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली.

ठिकाण: मीरा रोड
दिनांक: १८ जानेवारी २०२५

सही: रामनाथ कमळाकर म्हात्रे

साक्षीदार:

१. रोहित सावे, पूनम सागर. लिहून ठेवणाऱ्याशी ओळख: एकाच सोसायटीत.

२. जितेश हिंमतलाल शहा, काशीगाव. लिहून ठेवणाऱ्याशी ओळख: भागीदार.