उखाण्यांना कुलूप

३ नोव्हेंबर
चोरी झाली. माझ्या वेबसाईटवरचे उखाणे कुणा ‘हौशी ताई’नं आपल्या फेसबुक पेजवर जसेच्या तसे टाकलेत. खाली गुलाब. निदान गुलाब तरी स्वतःचा असावा.
निवृत्त झाल्यापासून लग्नांत कानावर पडलेले ओबडधोबड उखाणे मी गोळा केले, शुद्ध केले, टाईप केले. म्हणजे माझेच झाले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शेजारणीच्या वहीत डोकावलं तरी सिस्टर बाकावर उभं करत. या बाईंना कुणी उभं केलेलं दिसत नाही.

५ नोव्हेंबर
साईट पुण्याची भाची निकिता सांभाळते. तिला सांगितलं, कॉपी बंद कर. म्हणते, मावशी, उखाणे कॉपी करायलाच असतात गं! या पिढीला तत्त्व म्हणून नाही. पण केलं तिनं. आता कितीही बोट दाबा, शब्द उचलला जात नाही. विषय संपला.

६ नोव्हेंबर, सकाळी
ताईनं स्क्रीनशॉट टाकलाय. वरचं माझं नाव कापून. गुलाब वाढलेत.

९ नोव्हेंबर
प्रत्येक उखाण्यावर माझं नाव तिरपं, ठळक छापून घेतलं. नवरा, अमृत, म्हणाला, आता चोरायचीच काय, वाचायचीही सोय राहिली नाही. साखर कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला यातलं काय कळणार?

१४ नोव्हेंबर
रामबाण उपाय. उखाण्यात नवऱ्याच्या नावाची जागा रिकामी ठेवायचीच कशाला? सगळीकडे ‘अमृतराव’ घातलं. जी चोरेल ती फसेल. तिरपं नाव काढून टाकलं. सापळ्यातली भाकरी उंदराला दिसायला हवी. अमृतला विचारलं नाही. नाव त्याचं, पण साईट माझी.

२७ नोव्हेंबर
सापडली!
पारनेरला अमृतच्या पुतण्याचं, ज्ञानेश्वरचं लग्न. नवी नवरी राजनंदिनी घराच्या दारात आली. नणंद आडवी. नाव घे, मगच आत. मोबाईलवरून पाठ केलेलं मुलीनं घडाघडा म्हटलं:
‘कोऱ्या माठात पाणी झालं गार, अमृतरावांच्या नावानं ओलांडते दार.’
ज्ञानेश्वरचं तोंड पाहण्यासारखं. मागून कुणीतरी ओरडलं, “काका, ह्ये कवा जमवलं?” मग जो हशा झाला! मुलगी रडकुंडीला.
मी पुढे होऊन ठणकावलं, की हा उखाणा माझा आहे आणि हिनं तो चोरलाय.
अमृतची म्हातारी चुलती कडूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “तुजा कसा गं? मी ह्याच दारात ह्योच घेतला हुता. रावसायबांचं नाव घालून.”
झालं. ओटीवरची प्रत्येक बाई आपापला नवरा घालून तोच उखाणा म्हणू लागली. चोरांची टोळीच ही! कडूबाईनं नवरीला ज्ञानेश्वरचं नाव घ्यायला लावलं आणि आत नेलं. सगळे आत गेले. मी दारातच.

परतताना अमृत म्हणाला, पोरीनं नाव छान घेतलं. आपल्या वेळी तू ‘असला गावंढळपणा जमणार नाही’ म्हणून तशीच आत आलीस. त्यानंतरही कधी नाही.
मी म्हटलं, साईटवर जागोजागी घेतलंय की.
म्हणाला, ते चोरांसाठी.