फिक्रेतची किल्ली

मी, श्रीमती सुहासिनी मधुकर टिपणीस, वय सहासष्ट, पूर्वी नोकरी, आता गुडघेदुखी, राहणार ग्रीस क्लस्टर, इंटरनॅशनल सिटी, दुबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढे किल्ल्यांचा विषय येईल आणि तो वाचून काही जण भुवया उंचावतील.

१. राहता फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. भाव आभाळाला टेकले होते तेव्हा मी तो घेतला आणि वर्षाच्या आत बाजार कोसळला. माझ्या नणंदबाई आभावन्सं अजून प्रत्येक लग्नात हा किस्सा सांगून हसतात. फ्लॅट मुलगा अथर्व याला मिळावा. आभावन्संना माझी एकही साडी मिळू नये, मागितली तरी.

२. बँकेत जे असेल ते अथर्व आणि सूनबाई शुभ्रा यांना निम्मं निम्मं. माझा ड्रॉइंग बोर्ड आणि कंपास समोरच्या दारातली यम्ना हिला. ती रत्नागिरीच्या हमीदभाईंची मुलगी, स्वतः इंजिनिअर आहे. ज्या मॅनेजरने २००९ मध्ये दुबई मरीनातल्या ऑफिसात आम्हाला एका सकाळी नारळ दिला आणि वर केक कापला, त्याला माझ्याकडून काही नाही, माफीसुद्धा नाही.

३. आता किल्ल्या. नीट वाचा.

त्याच सकाळी माझ्याबरोबर याडरांका नावाच्या आर्किटेक्टची नोकरी गेली. पूर्वीच्या युगोस्लाव्हियातली, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. तिचं भाडं थकलं, म्हणून मी तिला इथे आणलं. चार वर्षं राहिली, माझ्या हातची आमटी ब्रेड बुडवून खाल्ली आणि इथेच गेली. तिचं गाव लिपोव डोल. एका ओढ्याच्या काठी मशीद, चर्च आणि ज्यू वाण्याचं घर. कॉफी सगळे एकाच पद्धतीची पीत आणि ती आमचीच म्हणून भांडत.

त्या गावची रीत अशी: घर सोडून जाताना किल्ली ठेवायची ती दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याकडे. मी विचारलं, आपल्या माणसांकडे का नाही? म्हणाली, "सुहासिनी, वाईट दिवस येतात तेव्हा आपली माणसं सगळी एकाच रात्री जातात. मग किल्ली कोणाकडे राहणार?" आणि ज्याच्याकडे किल्ली, त्याने मालकाच्या सणाला त्याच्या नावाने दिवा लावायचा. घर आहे, या, एवढंच सांगायला.

तिच्याकडे किल्ल्या होत्या दोन. एक ज्यू वाणी पापो यांची, तिच्या आजोबांपासून आलेली. दुसरी शेजारच्या फिक्रेतची. तो मुसलमान. ब्याण्णव सालच्या युद्धात मशिदीकडची सगळी घरं एका बसमध्ये बसून गेली. बस कुठेच पोचली नाही. हे मी अथर्वला कधी सांगितलं नाही. पोराला काय सांगायचं असलं! जाताना याडरांकाने स्वतःची किल्ली त्यात घातली आणि तिन्ही माझ्या हातात दिल्या.

तेव्हापासून मी दिवे लावते. पापोंना त्यांच्या नव्या वर्षाला, याडरांकाला जानेवारीतल्या नाताळला, फिक्रेतला ईदला. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण २०१४ च्या ईदला मी अथर्वच्या लग्नाच्या खरेदीसाठी पुण्याला होते आणि दिवा चुकला. परत आले तर रोज तिन्हीसांजेला किल्ल्यांचं कपाट आतून वाजायचं. शेवटी दिवा लावला आणि मराठीतच म्हटलं, "माफ करा हो फिक्रेतभाऊ." त्यानंतर वाजलं नाही. मी रडले मात्र खूप.

पापोंची आणि याडरांकाची किल्ली यम्नाला. तिला विचारलं आहे. "आंटी, शुअर, पण तारखा व्हॉट्सॲप करा," म्हणाली. फिक्रेतची तिला देता येत नाही, ती त्याच्याच धर्माची. तळमजल्यावरच्या अनिल कर्णिकांना विचारलं, त्यांनी लांबूनच हात जोडले. उरला अथर्व. तो लग्नानंतर टोरांटोला असतो आणि "आई, प्लीज, हे क्रीपी आहे," म्हणून विषय बदलतो. तेव्हा अट घालते: किल्ली घेतली नाही तर फ्लॅटही नाही.

४. माझी स्वतःची, या दाराची किल्ली यम्नाला. फ्लॅटमध्ये पुढे कोणीही राहो, दिवाळीत तिने स्वतःच्या खिडकीत एक पणती माझ्या नावाने लावावी. हमीदभाई म्हणाले, "वैनी, ते आमच्या घरचंच काम, तुम्ही टेन्शन घेऊ नका." मला भीती मरणाची नाही. परत यावं आणि कुठे अंधारच असावा, याची आहे.

५. हे कलम सही करण्यापूर्वी जोडत आहे. अट वाचून दाखवायला काल अथर्वला फोन केला. वाटलं, चिडेल. चिडला नाही.

मग म्हणाला, "आई, तू पुण्याला होतीस ना तेव्हा, मी घरी एकटा होतो. ईदच्या संध्याकाळी दार वाजलं. आय लुक्ड थ्रू द पीपहोल."

"मग?"

"माणसं होती. बायका, मुलं, बोचकी. अख्खा कॉरिडॉर भरलेला. आत्ताच बसमधून उतरल्यासारखी. पुढचा माणूस आपल्या दाराकडे बघत होता, लाइक... स्वतःचंच घर असल्यासारखा."

मी विचारलं, "तू काय केलंस?"

"काही नाही. मी दार उघडलं नाही, आई." माझा तेहेतीस वर्षांचा मुलगा फोनवर हमसून रडत होता. "किल्ली मला दे. कुरिअर नको, मी येतो न्यायला. दिवा लावीन आणि दारही उघडं ठेवीन."

म्हणून कलम ३ मधली अट मी रद्द करते. फ्लॅट अथर्वला, आणि फिक्रेतची किल्ली अथर्वला.

वर लिहिलेलं सर्व माझ्या इच्छेप्रमाणे आहे. यम्नाला वस्तू मिळणार असल्यामुळे हमीदभाईंची साक्ष घेतलेली नाही, त्यांनी राग मानू नये.

सही: सुहासिनी मधुकर टिपणीस

साक्षीदार: अनिल कर्णिक (सही करून लगेच खाली गेले)
साक्षीदार: जहांआरा मुकादम, शिवणकाम, बर दुबई

स्थळ: दुबई
दिनांक: ३ जून २०१९, ईदची आदली संध्याकाळ. वात करून ठेवली आहे.