आधी तू चाखून बघ

आई, मी मधल्या खोलीत पडून हे लिहितोय आणि आत सूनबाईनं माझ्यासाठी मऊ भात लावलाय. परवाच मला पुण्याच्या इस्पितळातून घरी आणलं. कुकरची शिट्टी होते, पण शिट्टीवरून भाताचं काही कळत नाही. तुला मात्र पातेल्याच्या नुसत्या आवाजावरून सगळं कळायचं. इथंच, बारामतीत, अंथरुणावर पडल्या पडल्या तू मला आवाजावरून स्वयंपाक शिकवलास. त्याला इतकी वर्षं झाली, की ते ऐकणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. आज सकाळपासून मला सारखी धाकधूक होते आहे आणि अशा वेळी माणसाला आईच आठवते, मग ती जाऊन कितीही वर्षं होवोत.

मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालो होतो. तू गल्लीभर पेढे वाटलेस. पण ते मंदीचे दिवस, नोकरी काही लागेना. पुण्याच्या खानावळीत चार वर्षं जेवून आलेला मी घरी बसून आयतं जेवत होतो आणि तुला तापानं गाठलं. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर. ताईचे दिवस भरत आले होते, तिला सासरहून हलवता येईना. बाबा कालव्याच्या कचेरीत कारकून, पाण्याची पाळी सुरू झाली की कळंब-अंथुर्ण्याकडे फिरतीवर. राहिलो मी. सुरुवात चूल पेटवण्यापासून. उसाचं पाचट भसकन पेटायचं आणि बाभळीचं लाकूड आहे तसंच राहायचं. मी फुंकणी फुंकून डोळे लाल करून घेई आणि तू ग्लानीतून म्हणायचीस, "लाकडं ठासून भरलीस ना? वारा कुठून जाईल रे आत?" तुला चूल दिसतही नव्हती.

तुझा एक नियम मला फार छळायचा. नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाकातलं काहीही चाखायचं नाही. तू जन्मभर तसाच स्वयंपाक केलास, मीठ हाताच्या अंदाजानं आणि तिखट वासावर. मी मात्र रोज आमटीसमोर आंधळ्यासारखा बसायचो. एकदा तू अंथरुणातून सांगितलंस, "पाच बोटांची चिमूट भरून मीठ घाल." मी घातलं. पण चिमूट तुझ्या हाताची सांगितली होतीस आणि हात माझा होता. ती आमटी आधी देवाला गेली, मग फिरतीवरून आलेल्या बाबांना. बाबांनी पहिला घास घेतला. तांब्याभर पाणी प्यायले, हात धुतले आणि देवघराकडे बघून म्हणाले, "बिचारा, त्याच्यासमोर पाणीही ठेवलं नव्हतंस." तू अंथरुणात हसलीस. आजारात तुला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला वाटलं, आता तू बरी होतेस.

पण खरी भीती ताप उतरल्यावर सुरू झाली. मळ्यातली काकू रोज सकाळी दूध घेऊन यायची. तिच्या हातचं दूध तुझ्या सोवळ्याला चालायचं, शिजवलेला भात चालायचा नाही. मला ते तेव्हाही पटत नव्हतं, पण आजारी माणसाशी कुणी वाद घालतं का? त्या सकाळी ती दारात उभी राहून दबक्या आवाजात विचारते, "दादा, ताप उतारला न्हवं आईचा?"

"उतरला की. डॉक्टरांनी उद्यापासून मऊ भात द्यायला सांगितलंय."

"मग आता लई जपा. माज्या थोरल्या भावाला निरवांगीत आसाच ताप आलता. उतारला. भूक लागली म्हून भाकरीचा तुकडा खाल्ला, आन् गेला. आतडं फाटलं, म्हनला डाक्टर. तापानं न्हाय, घासानं गेला बगा."

डॉक्टरांनीही तेच बजावलं होतं, फक्त शहाण्या शब्दांत. आतडी आता ओल्या कागदासारखी झालीत, एक शीतही कच्चं पोटात जाता कामा नये. त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी दारातच उभा होतो. बाबा तेव्हा अंथुर्ण्याला होते. म्हणजे तुझं जगणं-मरणं आता माझ्या हातच्या भातावर होतं. आणि माझा भात कसा व्हायचा, ते तुला माहीत होतं. खाली करपलेला, मधे चिखल आणि वर टणटणीत.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी जुना तांदूळ चारचारदा धुतो. पातेल्यात पाणी इतकं घालतो, की तांदूळ तळाशी दिसेनासे होतात. तू मधल्या खोलीतून ऐकते आहेस. "आता रटरट कमी झाली, लाकूड मागं ओढ." मी ओढतो. "झाकण काढलंस? नको काढू." मी ठेवतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, म्हणून एक शीत बोटांत दाबून पाहतो. लोण्यासारखं आहे. पण एका उदाहरणावरून सगळ्यांचं अनुमान काढू नये, हे मी चार वर्षं घोकलेलं. दुसरं दाबतो, तिसरं दाबतो. शेवटी धुतलेल्या पंचाचं फडकं घेऊन सगळा भात त्यातून गाळतो. गाळतानाही वाटतं, एखादं शीत फडक्याच्या दुमडीतून निसटलं तर? शिकलेल्या माणसाला शंका काढायला येतात, त्या मिटवायला येत नाहीत. मग वाटी भरली.

वाटी घेऊन मी देवघराकडे वळलो आणि तू हाक मारलीस. "थांब. इकडे आण."

"नैवेद्य दाखवतो ना आधी."

"देवाला आज दूधसाखर दाखव." तू कोपरावर रेलून उठायचा प्रयत्न करत होतीस. "आधी तू चाखून बघ. दाताखाली काही येतं का बघ."

मी तुझ्याकडे बघतच राहिलो. लहानपणी लाडवाचा नुसता कण तोंडात टाकला म्हणून माझ्या पाठीत धपाटा घालणारी तू. तोवर मला वाटत होतं, भीती फक्त मलाच वाटते आहे. तू शांत पडून सांगत होतीस, लाकूड ओढ, झाकण ठेव, आणि मी तुझ्या त्या शांतपणावर तरत होतो. तुझे डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, आणि तू अगदी हळू म्हणालीस, "मला इतक्यात जायचं नाहीये रे." तुला असं काही मागताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी चमचाभर भात तोंडात घेतला, घोळवला, गिळला आणि म्हणालो, "मऊ झालाय."

देवाला दूधसाखर दाखवून मी तुला पहिला चमचा भरवला. तू गिळलास, डोळे मिटलेस. मी श्वास धरून बसलोय. आणि तू म्हणालीस, "मीठ विसरलास."

पुढचे काही दिवस तू नुसती कूस बदललीस तरी मी धावत यायचो. काही झालं नाही. तू उठलीस, चुलीपाशी बसलीस, आणि मी आमटी चाखायला गेलो तर पुन्हा हातातल्या डावानं माझ्या हातावर फटका मारलास. नंतर येईल-जाईल त्याला सांगायचीस, "बी.ए. झाला, पण आईला अळणी भात घातला." मी आधी चाखला होता, हे मात्र तू कुणालाही सांगितलं नाहीस. बाबांनाही नाही. आणि चाखूनही मीठ नाही हे मला कसं कळलं नाही, हे तू मला कधी विचारलं नाहीस. कसं कळणार, आई? माझ्या तोंडाला कोरड पडली होती. त्या घासाला मला चवच लागली नाही.

आत्ताच सूनबाई वाटी घेऊन आली होती. माझ्याकडे बघत उभी राहिली, विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" मी घास गिळला आणि म्हणालो, "अगदी बरोबर आहे." हा कागद आता उशीखाली ठेवतो, याला कुठला पत्ता घालणार? तिला मी मिठाचंच सांगितलं. तुला सांगतो, मलाही इतक्यात जायचं नाहीये गं.